हंबकर आला कुठून, आणि कॅटलॉग एवढं भरलं कशानं?

गिटारचा हंबकर, म्हणजे स्ट्रिंगचं कंपन विजेत बदलणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप, बदलायचं ठरवून एखाद्या कंपनीचं कॅटलॉग उघडलं, की पहिल्या पाच मिनिटांत डोकं गरगरतं. चुंबक अल्निको २, अल्निको ५ की सिरॅमिक? रोध साडेसात किलोओम की सोळा? तार ४२ गेजची की ४४ची? मेणात बुडवलेला की कोरडा, कव्हरसकट की उघडा, काळा, क्रीम की झेब्रा? कुणीतरी नीट विचार करून हे पर्याय मांडून ठेवले असतील असं वाटतं, पण तसं काही झालेलं नाही. यातले बरेचसे पर्याय अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलामाझू गावच्या गिब्सन कारखान्यात १९५५ ते १९६२च्या दरम्यान हाताला येईल ते वापरलं गेलं म्हणून जन्माला आले. उरलेल्यांची भर १९७०च्या दशकात गिटारी दुरुस्त करणाऱ्या दोघा-तिघांनी घातली.

मूळ दुखणं होतं अ‍ॅम्पमधून येणाऱ्या ‘घूं’ आवाजाचं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. वरची पोलादी स्ट्रिंग हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात किंचित वीज तयार होते. पण तेच वेटोळं खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरची आणि वायरिंगची गुणगुणही पकडतं. अमेरिकेत मेन्स ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची, म्हणून आपल्याकडचा ‘घूं’ साधारण तीन अर्धस्वर खाली लागतो, एवढाच काय तो फरक. गिब्सनचा १९४६चा पी-९० असो की फेंडरच्या टेलिकास्टर-स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप, सगळे एकाच वेटोळ्याचे, त्यामुळे सगळ्यांना हा त्रास होता. दोन उलटी वेटोळी जोडून गुणगुण मारायची युक्ती नवी नव्हती. १९३०च्या दशकातच पियानोसाठी तसं पेटंट घेतलं गेलं होतं. गिटारपर्यंत ती पोचायला वीस वर्षं गेली.

ते काम सेथ लव्हर या गिब्सनच्या इंजिनिअरकडे आलं. लव्हर मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरवाला माणूस. अ‍ॅम्पमध्ये गुणगुण मारणारी चोक कॉइल त्याच्या रोजच्या कामातली होती; तोच विचार त्यानं पिकअपला लावला. दोन बॉबिन (तार गुंडाळायच्या रिळी) शेजारी-शेजारी, खाली एकच पट्टीचुंबक. एका बॉबिनचे खांब (स्ट्रिंगखालचे स्क्रू किंवा खिळे) चुंबकाच्या उत्तर बाजूला टेकलेले, दुसरीचे दक्षिण बाजूला. दोन्ही वेटोळी एकमेकांच्या उलटी जोडलेली. बाहेरच्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नसतं, म्हणून ती दोन वेटोळ्यांत उलटसुलट येते आणि स्वतःलाच खोडते. स्ट्रिंगचा आवाज मात्र चुंबकाच्या दिशेवर ठरतो. तो एकदा चुंबकामुळे उलटतो, एकदा जोडणीमुळे, आणि शेवटी दोन्हीकडचा मिळून वाढतो. किंमत चुकवावी लागते ती वरच्या सुरांत. स्ट्रिंग दोन जागी ‘ऐकली’ जात असल्यामुळे बारीक कंपनं थोडी मरतात. हंबकरचा तो जाड, गोलसर आवाज ज्याला आपण टोन म्हणतो, तो असा अर्धा दुष्परिणाम आहे.

एक खुलासा इथेच केलेला बरा. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल, तर त्यातून येणारी किरकिर हंबकर बदलून जात नाही. पिकअपवर पैसे घालण्याआधी सॉकेट तपासून घ्यावं.

लव्हरनं पेटंटचा अर्ज जून १९५५मध्ये केला आणि १९५७पासून हे पिकअप लेस पॉल गिटारींवर बसू लागले. त्याच्या मूळ नमुन्यावर वरून फिरवायचे स्क्रू नव्हते. ते हवेत, हा विक्री विभागाचा आग्रह. ग्राहकाला दाखवायला काहीतरी पाहिजे ना! म्हणून आजही बहुतेक हंबकरवर एका रांगेत स्क्रू आणि दुसऱ्या रांगेत गुळगुळीत खिळे दिसतात. कव्हरसाठी त्याला सहज चुंबकत्व न घेणारा, विजेला बऱ्यापैकी अडवणारा धातू हवा होता. स्टेनलेस स्टीलला सोल्डर नीट धरत नाही, म्हणून जर्मन सिल्व्हर आलं (घरातल्या ‘जर्मन’च्या पातेल्याशी याचा संबंध नाही, ते अ‍ॅल्युमिनियम). स्वस्त पिकअपवर पितळी कव्हर असतं आणि ते वरचे सूर खातं. कव्हर काढल्यावर गिटार ‘उघडली’ असं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

जवळजवळ त्याच वेळी रे बट्स नावाच्या गृहस्थानं ग्रेच कंपनीसाठी फिल्टरट्रॉन हा दुसरा हंबकर केला. त्याचं पेटंट लव्हरच्या पेटंटाआधी महिनाभर, जून १९५९मध्ये मंजूर झालं. तरी इतिहास कॅलामाझूच्याच नावावर लागला.

पेटंट मंजूर होईपर्यंत गिब्सननं पिकअपच्या पाठीला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी छोटी काळी चिठ्ठी डकवली. त्याची आद्याक्षरं पीएएफ. आज बदली हंबकरांच्या धंद्यात हा देवच आहे, निम्म्या जाहिराती त्याच्या नावानं चालतात. जुलै १९५९मध्ये पेटंट मिळालं, तरी ती चिठ्ठी १९६२च्या सुमारापर्यंत लागत राहिली. मग नवी आली, तिच्यावर पेटंटचा क्रमांक. तो क्रमांकही पिकअपचा नव्हता, ज्यांच्या नावानं ही गिटार आहे त्या लेस पॉल यांच्या ब्रिज-टेलपीसचा, म्हणजे स्ट्रिंग अडकवायच्या भागाचा होता. नकला करणाऱ्यांना चकवण्यासाठी की निव्वळ गलथानपणा, यावर गिटारवाले अजून भांडतात.

कारखान्यात पुढे काय झालं, ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे. गुंडाळणी यंत्रावर ठरलेल्या फेऱ्यांना आपोआप थांबायची सोय नव्हती, त्यामुळे बॉबिन भरलं असं वाटलं की थांबायचं. एका बॉबिनवर साधारण पाच हजार फेरे धरले, तरी एकावर थोडे जास्त, दुसऱ्यावर थोडे कमी. म्हणून एका पिकअपचा रोध सात किलोओम, तर शेजारच्याचा नऊ. चुंबक अल्निकोचे, पण कुठल्या प्रतीचे? २, ३, ४, ५, त्या आठवड्यात जे आले असतील ते. १९६१च्या सुमाराला आखूड अल्निको ५ चुंबक ठरून गेला, तेव्हा कुठे थोडी शिस्त आली. बॉबिनचं प्लास्टिक आधी काळं. १९५९-६०च्या सुमारास क्रीम रंगाचंही येऊ लागलं. म्हणून काही पिकअप पूर्ण काळे, काही पूर्ण क्रीम, काही एक काळं-एक क्रीम, म्हणजे झेब्रा. वर कव्हर असल्यानं रंगाची कुणी पर्वा केली नाही.

तेव्हा ‘पीएएफचा खरा आवाज’ ही एक गोष्ट कधी नव्हतीच, त्या वर्षांत शेकडो वेगवेगळे आवाज बाहेर पडले. काही सुमार होते, काही अप्रतिम, आणि नावारूपाला आले ते अप्रतिम असलेले. दोन बॉबिनांवरचे फेरे असमान असतील तर गुणगुण पूर्ण मरत नाही, पण वरचे सूर थोडे जास्त उरतात. आज कारखाने ही असमानता मोजून-मापून मुद्दाम घालतात आणि तिचे वेगळे पैसे घेतात.

गंमत म्हणजे हे पिकअप असलेली लेस पॉल गिटार त्या वेळी फारशी खपली नाही. सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल १९५८ ते १९६० या काळात दीड हजाराच्या आसपास झाल्या आणि मग तो आकारच गिब्सननं बंद केला. नशीब फिरलं ते इंग्लंडमध्ये. १९६६मध्ये एरिक क्लॅप्टननं सेकंडहँड लेस पॉल मार्शल अ‍ॅम्पला लावून तो भरभक्कम, ताणलेला आवाज रेकॉर्डवर आणला. त्याच सुमारास वादकांनी पिकअपची कव्हरं काढायला सुरुवात केली आणि आतले क्रीम, झेब्रा रंग जगाला दिसले. ज्या रंगाची कारखान्यात पर्वा नव्हती, तो आता किमतीचा निकष झाला.

त्या काळच्या अ‍ॅम्पना आजच्यासारखा वेगळा गेन चॅनेल नव्हता. अ‍ॅम्प फोडायचा, म्हणजे त्यातून डिस्टॉर्शन काढायचं, तर आवाज प्रचंड वाढवायचा किंवा आत जाणारा सिग्नलच जोरदार द्यायचा. इथे लॅरी डिमार्झिओ आला. न्यू यॉर्कमध्ये गिटारी दुरुस्त करणाऱ्या या तरुणानं १९७२मध्ये सुपर डिस्टॉर्शन काढला. सिरॅमिक चुंबक, भरपूर फेरे, रोध तेरा किलोओमच्या वर. जुना पिकअप काढून बसवायला म्हणून स्वतंत्र विकला गेलेला हा पहिला नावाजलेला हंबकर. किस या रॉक बँडचा एस फ्रेली, जॅझवाला अल दि मिओला असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले वादक तो वापरू लागले. डिमार्झिओनं दोन्ही क्रीम बॉबिनांच्या रंगसंगतीचं अमेरिकेत व्यापारचिन्हही घेतलं. दुसऱ्या कंपन्यांना तिथे बराच काळ उघडा, पूर्ण क्रीम हंबकर सहज विकता आला नाही तो म्हणून. आणि पीएएफ या अक्षरांचं व्यापारचिन्हसुद्धा डिमार्झिओनंच घेतलं, गिब्सननं नाही!

माझं मत विचाराल, तर आज घरी वाजवणाऱ्याला एवढ्या गरम, म्हणजे जोरदार सिग्नल देणाऱ्या पिकअपची गरज क्वचितच असते. गेनची सोय अ‍ॅम्पमध्ये, पेडलमध्ये, मोबाइलमध्येसुद्धा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या अ‍ॅम्पची अडचण सोडवणारा पिकअप आपण केवळ नावाच्या दबदब्यापायी घेतो आणि मग क्लीन आवाज चिखल झाला म्हणून कुरकुरतो.

दुसरा माणूस सेमूर डंकन. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडनमध्ये दुरुस्तीचं काम करत होता. गिब्सनच्या एका मोडक्या फ्लाइंग व्ही गिटारचे पीएएफ त्यानं नव्यानं गुंडाळून एका टेलिकास्टरवर बसवले आणि ती गिटार जेफ बेक या गिटारवादकाला दिली. बेकच्या १९७५च्या अल्बमवर ती वाजली. १९७६मध्ये डंकननं पत्नी कॅथी कार्टर डंकन यांच्यासह कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला कंपनी काढली आणि बेकच्या गिटारवरच्या पिकअपच्या त्या जोडीतून जेबी आणि जॅझ ही दोन मॉडेलं आली: जेबी ब्रिजला (स्ट्रिंग जिथे टेकतात त्या बाजूला), जॅझ नेकला (मानेच्या बाजूला). पुढे १९९०च्या दशकात सेथ लव्हरलाच हाताशी धरून डंकननं त्याच्या नावाचा, मेण नसलेला हंबकर काढला.

जेबीचा रोध सोळा किलोओमच्या वर, आणि इथेच बहुतेक खरेदीदार फसतात. जेबीत ४४ गेजची तार आहे, पीएएफमध्ये ४२ची. तार जितकी बारीक तितका रोध जास्त. तेवढ्याच लांबीच्या ४२च्या तारेपेक्षा ४४चा रोध दीडपटीहून अधिक भरतो. म्हणजे सोळाचा आकडा आठच्या दुप्पट जोर दाखवत नाही. त्यातला मोठा वाटा नुसत्या तारेच्या बारीकपणाचा. तेरा-चौदा किलोओमचा सुपर डिस्टॉर्शन प्रत्यक्षात जेबीच्या तोडीस तोड गरजतो. चुंबक आणि तारेचं गेज सारखं असेल, तरच रोधाच्या आकड्यांची तुलना करावी.

१९७६च्याच सुमारास रॉब टर्नरनं कॅलिफोर्नियात पुढे ईएमजी नावानं गाजलेलं काम सुरू केलं. कमी फेरे, पिकअपच्या आतच प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आणि त्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी. मेटलवाल्यांचं जगच वेगळं, इथे एवढंच पुरे.

मेणाचा मामला मोठ्या आवाजातून आला. पीएएफ मेणात बुडवलेले नसत. अ‍ॅम्प वाढवला की आतली तार थरथरून पिकअप कर्कश किंचाळायचा. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं गिब्सनच्या ईएस-३३५ गिटारमधला पीएएफ वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवला आणि स्ट्रॅटच्या आकाराच्या गिटारवर लावला. गिब्सनच्या पिकअपचे खांब स्ट्रॅटच्या ब्रिजपेक्षा जवळ-जवळ असतात. म्हणून त्यानं तो तिरका बसवला. आता तिरका लावायची गरज नाही. गिब्सनसाठी साधारण ५० मिलिमीटर, ट्रेमोलो ब्रिजसाठी साधारण ५३ मिलिमीटर असे दोन्ही अंतरांचे हंबकर मिळतात. मागवण्याआधी ब्रिजवर पट्टी ठेवून पहिल्या ते सहाव्या स्ट्रिंगचं अंतर मोजावं.

१९८०च्या सुमाराला गिब्सनलाही स्वतःचीच नक्कल करायची वेळ आली. टिम शॉ या इंजिनिअरवर पीएएफ पुन्हा घडवायची जबाबदारी आली. जुन्या एनॅमलच्या तारेचा खर्च वरिष्ठांना नको होता, म्हणून पॉलियुरेथेनची तार वापरावी लागली. आता त्या ‘टिम शॉ’ पिकअपलाही जुन्या बाजारात वेगळा भाव आहे.

राहिला वायरचा प्रश्न. पीएएफमधून एकच वायर आणि तिच्याभोवती विणलेली जाळी बाहेर येई. आताच्या बहुतेक बदली हंबकरांतून चार वायरी आणि एक उघडी अर्थ वायर येते, म्हणजे एकच वेटोळं चालवण्याची सोय होते. पण रंग एकसारखे नाहीत. डंकनमध्ये सिग्नल काळ्या वायरवर, डिमार्झिओमध्ये लाल. ब्रिजला एका कंपनीचा आणि नेकला दुसऱ्याचा घेतला आणि रंग बघून डाग दिला, तर एकाच पिकअपमधली वेटोळी किंवा मधल्या स्विचला, म्हणजे दोन्ही एकत्र चालू असताना, दोन्ही पिकअप एकमेकांना खोडू शकतात आणि आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा होतो. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये नेकच्या पिकअपचा चुंबक उलटा होता. मधल्या स्विचचा तो नाकातला आवाज त्याची ओळख झाली, आणि आता तसाच उलटा चुंबक मुद्दाम बसवलेले संच विकत मिळतात.