इथेनॉल आणि पेट्रोल : ट्यून केलेल्या मोटारीतील इंधननिवड

टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचा) दाब, ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण बदलून ज्या मोटारीतून कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त शक्ती काढली जाते, तिच्यात पंपावरचे पेट्रोल वापरायचे की इथेनॉलचे भरपूर प्रमाण असलेले मिश्रण, हा ट्यूनिंगमधला पायाभूत निर्णय आहे. इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग), फ्युएल पंप, स्पार्क प्लग, ईसीयूमधला (इंजिनाच्या नियंत्रक संगणकातला) मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीचा तक्ता, आणि टाकी किती वेळा भरावी लागणार, हे सारे त्यावर ठरते. अशा मिश्रणांपैकी ई८५, म्हणजे नावापुरते ८५ टक्के इथेनॉल असलेले, सर्वांत परिचित. त्याच्या नावातल्या आकड्यावर मात्र विसंबता येत नाही: एएसटीएमच्या डी५७९८ या अमेरिकी मानकाप्रमाणे या वर्गातल्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान कितीही असू शकते.

इथेनॉलमध्ये ऊर्जा जास्त, म्हणून गाडी जास्त पळते, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर शुद्ध इथेनॉल जळल्यावर सुमारे २१. इथेनॉलच्या वजनाचा जवळजवळ ३५ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो आणि तो भाग उष्णता देत नाही. तरीही इथेनॉलवर शक्ती घटत नाही, कारण इंजिनाची मर्यादा इंधनाची नसून हवेची असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो आणि ई८५ला सुमारे ९.८ किलो. त्यामुळे सिलिंडरमध्ये आलेल्या प्रत्येक किलो हवेमागे दोन्ही इंधनांची उष्णता जवळपास सारखीच भरते. इथेनॉलची किंचित जास्त असते, पण तेवढ्या एक-दोन टक्क्यांसाठी कोणी फ्युएल पंप बदलणार नाही.

खरा फरक नॉकिंगमध्ये आहे. ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असताना पुढे उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटले, की दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो इंजिनाला जास्त दाबाखाली हीच भिंत आधी लागते. ती टाळायला ट्यूनर ठिणगी उशिरा देतो. उशिरा ठिणगी म्हणजे ज्वलन पिस्टन खाली जाऊ लागल्यावर, म्हणजे कामाची शक्ती कमी आणि एक्झॉस्टचे तापमान जास्त. त्या तापमानापासून टर्बो वाचवण्यासाठी मग मिश्रण आणखी गडद करावे, म्हणजे त्यात इंधन वाढवावे लागते. एका अडचणीतून दुसरी निघत जाते.

इथेनॉल ही साखळी दोन ठिकाणी तोडते. पहिले ठिकाण रासायनिक: त्याचा रेणू सहजी आपोआप पेटत नाही. शुद्ध इथेनॉलचा आरओएन, म्हणजे सौम्य परिस्थितीत मोजलेला ऑक्टेन अंक, सुमारे १०८ येतो. गरम मिश्रणावर आणि जास्त वेगात मोजलेला एमओएन मात्र ९०च्या आसपासच. या दोघांतली दरी पाहून काही जण इथेनॉलला कमी लेखतात. पण इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा भाग) लावलेल्या टर्बो इंजिनात मिश्रणावर दाब जास्त आणि त्या मानाने तापमान कमी असते. तिथे आरओएनच खरा मार्गदर्शक ठरतो, आणि दरी जितकी मोठी तितके इंधन त्या इंजिनात अधिक चांगले वागते.

दुसरे ठिकाण थंडाव्याचे, आणि त्याचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला सुमारे ३५०. त्यातच इथेनॉल सोडावेही जास्त लागते. पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या कमाल दाबावर) एक किलो हवेमागे साधारण ८५ ग्रॅम पेट्रोल किंवा १२५ ग्रॅम ई८५ जाते असे धरले, तर पेट्रोल सुमारे ३० किलोज्यूल शोषून घेते आणि ई८५ सुमारे १००. कागदावर ही उष्णता त्या हवेला शंभर अंशांनी गार करण्याइतकी आहे. प्रत्यक्षात तेवढा लाभ होत नाही. इंजेक्टर पोर्टमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गात) असेल तर बरीचशी उष्णता धातूच्या भिंतीतून घेतली जाते. थेट सिलिंडरमध्ये फवारणी असेल तर हवेतून जास्त घेतली जाते.

या सगळ्यातून इथेनॉल शक्ती देत नाही, शक्ती काढायला जागा देते. ती जागा वापरायची नसेल तर इंधन बदलण्यात अर्थ नाही. कमी कॉम्प्रेशनचे, टर्बो नसलेले आणि पेट्रोलवरच ठिणगीची आदर्श वेळ गाठलेले इंजिन ई८५वर नेले, तर हाती फारसे काही लागत नाही. ठिणगी त्या आदर्श वेळेच्याही आधी दिली तर शक्ती वाढण्याऐवजी घटते. जिथे बूस्ट वाढवता येतो तिथे चित्र वेगळे असते. कोनिगसेगची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ अश्वशक्तीची होती. इथेनॉलसाठी इंधनव्यवस्था आणि बूस्ट बदललेली सीसीएक्सआर १,०१८ अश्वशक्तीची. त्याच कंपनीच्या जेस्कोसाठी जाहीर आकडे पेट्रोलवर १,२८० आणि ई८५वर १,६०० आहेत. २०२३ची डॉज चॅलेंजर डीमन १७० ई१०वर ९०० आणि ई८५वर १,०२५ अश्वशक्ती देते. हे आकडे इंधनाचे म्हणून वाचू नयेत; त्या इंधनाभोवती बांधलेल्या इंजिनाचे म्हणून वाचावेत.

यातला एक धोका सांगायला हवा. पेट्रोलवर नॉकिंग हा पहारेकरी असतो: नॉक सेन्सर ओरडतो, ट्यूनर थांबतो. ई८५वर हा पहारेकरी बराच काळ गप्प राहतो आणि सिलिंडरमधला दाब वाढतच जातो. मग मर्यादा इंधनाची न राहता कनेक्टिंग रॉडची, हेड गॅस्केटची, क्लचची आणि गिअरबॉक्सची होते, आणि हे भाग मोडण्यापूर्वी सूचना देत नाहीत. शिवाय नॉकिंग नाही म्हणजे तापलेल्या प्लगच्या टोकावरून होणारे अवेळी प्रज्वलन नाही, असेही नाही. म्हणून शक्ती वाढवताना एक-दोन पायऱ्या थंड प्लग लावण्याची पद्धत ई८५वरही पाळली जाते.

इंधनव्यवस्थेवरचा भार

वरच्याच हिशेबाने, तेवढ्याच हवेसाठी ई८५ आकारमानाने सुमारे ४० टक्के जास्त पुरवावे लागते. पेट्रोलवर पूर्ण क्षमतेच्या जवळ उघडे राहणारे इंजेक्टर ई८५ला कधीच पुरणार नाहीत. पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर यांचीही तीच कथा. थेट फवारणीच्या इंजिनात अडचण आणखी मोठी असते, कारण तिथला उच्चदाब पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याची क्षमता सहज वाढवता येत नाही. अशा गाड्यांत एकतर तो पंप बदलतात, किंवा पोर्टमध्ये इंजेक्टरांचा दुसरा संच बसवतात, किंवा इथेनॉलचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

ही तिसरी वाट वाटते त्याहून बरीच चांगली आहे. इथेनॉलचा रेणू पेट्रोलमधल्या सरासरी रेणूपेक्षा लहान असतो, त्यामुळे आकारमानाने ३० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणात रेणूंच्या संख्येने जवळपास निम्मे इथेनॉलचे असतात. नॉकिंगविरोधी लाभाचा मोठा वाटा इथेच पदरात पडतो आणि पुढच्या प्रत्येक टक्क्याचा परतावा घटत जातो. रोज वापरायच्या गाडीसाठी ई३० ते ई५० हा पट्टा अनेकदा ई८५पेक्षा शहाणपणाचा असतो.

मिश्रण ओळखणे

ई८५चा सगळ्यात मोठा दोष म्हणजे टाकीत नेमके काय आहे याची खात्री नसणे. समजा ५० लिटरच्या टाकीत १० लिटर ई१० उरले आहे आणि वर ४० लिटर ई८५ भरले. त्यात खरोखर ८५ टक्के इथेनॉल असेल तर मिश्रण ७० टक्क्यांचे होते. ५१ टक्केच असेल तर ते ४२-४३ टक्क्यांवर येते. मॅप एकाच प्रमाणासाठी बांधलेला असेल तर चूक दोन्ही बाजूंनी घातक ठरते, फक्त तऱ्हा वेगळी. पेट्रोलच्या मॅपवर ई८५ भरले तर मिश्रण विरळ होते. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे काही प्रमाणात भर घालतो, पण ४० टक्क्यांची तूट सहसा भरून काढू शकत नाही. ई८५च्या मॅपवर कमी इथेनॉलचे इंधन गेले तर मिश्रण गडद होते आणि वरवर सुरक्षित भासते. मात्र बूस्ट आणि ठिणगी पेट्रोलला न झेपणाऱ्या असतात, आणि पिस्टन तिथे निकामी होतात.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे इंधनवाहिनीत बसवलेला इथेनॉल सेन्सर. इथेनॉलची विद्युत पारकता पेट्रोलच्या दहापटीहून जास्त असते. सेन्सर तो फरक मोजतो. प्रचलित सेन्सर शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ असा संकेत देतात. ईसीयू त्यावरून पेट्रोल आणि इथेनॉल अशा दोन मॅपांमधली जागा निवडतो. सेन्सर नसेल तर मोजपात्रात इंधन आणि पाणी हलवून इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरवण्याची चाचणी तरी प्रत्येक भरणीला करावी. लॅम्ब्डा मीटरवरून (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणाऱ्या यंत्रावरून) इथेनॉलचे प्रमाण कळत नाही. तो मीटर हवा पुरेशी आहे की नाही एवढेच सांगतो आणि त्याची १ ही रेषा, म्हणजे इंधन पूर्ण जळण्याइतकी नेमकी हवा, कोणत्याही इंधनाला लागू असते. म्हणूनच ट्यूनिंग १४.७ किंवा ९.८ अशा गुणोत्तरांत न करता लॅम्ब्डामध्ये करणे सोयीचे.

देखभाल

शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याजोगी वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली तयार होत नाही. पेट्रोलची शून्याखाली ४० अंशांवरही होते. ई८५मधले पेट्रोल मुख्यतः थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून असते आणि हिवाळी मिश्रणात ते वाढवलेले असते. थंड इंजिनात जादा सोडलेले इंधन पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते. लहान फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही आणि हे इंधन उडून जात नाही, म्हणून ऑइल लवकर बदलावे लागते. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि ॲल्युमिनियम, जस्त व जुन्या प्रकारच्या रबराला त्रास देते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते ठेवू नये. उभी करण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन थोडा वेळ पेट्रोलवर चालवावे.

शर्यतींतील वापर आणि खर्च

अल्कोहोल नॉकिंग रोखते हे १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेडचा गुण सापडला तेव्हाही माहीत होते. बाजारात शिसे जिंकले. शर्यतींत इंडीकारने २००७मध्ये इथेनॉल आणि २०१२मध्ये ई८५ स्वीकारले, ऑस्ट्रेलियातील सुपरकार्स मालिकेने २००९मध्ये ई८५ आणि नॅसकारने २०११पासून ई१५.

रस्त्यावर ई८५ने मायलेज साधारण चतुर्थांशाने किंवा थोडे अधिक घटते. ब्राझीलमध्ये इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे असा सर्वपरिचित ठोकताळा आहे. तिथले इंधन जवळपास शुद्ध इथेनॉल असल्याने तो ई८५ला थोडा कडक पडतो. पण ट्यून केलेल्या गाडीत तुलना साध्या पेट्रोलशी नसून तितकेच नॉकिंग सोसणाऱ्या शर्यतीच्या पेट्रोलशी करायला हवी, आणि त्यापुढे ई८५ बहुधा बरेच स्वस्त पडते. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत मात्र दर लिटरमागे जास्त अंतर कापणारे पेट्रोल पिट स्टॉप वाचवते. लांबच्या प्रवासातही, जिथे पुढचा ई८५चा पंप कुठे आहे हे ठाऊक नसते, तिथे पेट्रोलचा सौम्य मॅप गाडीत असणे आवश्यक असते.