‘हिज गर्ल फ्रायडे’ नेमका कुणाचा? : पार्श्वभूमी

‘हिज गर्ल फ्रायडे’ हा चित्रपट जानेवारी १९४० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तीच गोष्ट १९२८ मध्ये ब्रॉडवेवर ‘द फ्रंट पेज’ या नाटकात आणि १९३१ मध्ये त्याच नावाच्या बोलपटात येऊन गेली होती. तिथे संपादक आणि बातमीदार दोघेही पुरुष. बातमीदार लग्नासाठी नोकरी सोडतो आहे आणि संपादक त्याला जाऊ देत नाही. १९४० च्या चित्रपटात बातमीदार बाई झाली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. नाटकाच्या एका वाचनात बातमीदाराची वाक्यं स्त्रीच्या तोंडी जास्त रंगली, अशी हकीकत दिग्दर्शक पुढे सांगत असे. वृत्तपत्रावरच्या नाटकाची नवराबायकोची गोष्ट झाली ती इथे.

घरी पाहण्यासाठी या चित्रपटाच्या कॅसेट आणि डीव्हीडी कुणीही काढत असे; हा घोळ मात्र कायद्यातून आला. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागे. या चित्रपटाचं ते १९६८ मध्ये झालं नाही. पुढे व्हिडिओ कॅसेटचे दिवस आले, तेव्हा ज्याच्या हाती प्रिंट लागली त्याने कॅसेट काढली. डीव्हीडीच्या काळातही तेच झालं.

या आवृत्त्यांवर ‘पब्लिक डोमेन’ (म्हणजे कुणाचाच हक्क नसलेला) हा शिक्का सर्रास मारला गेला, पण तो अर्धाच खरा होता. नूतनीकरण झाल्यामुळे नाटकाचा कॉपीराइट शाबूत होता. १९७९ मध्ये ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरच्या चित्रपटाच्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने म्हटलं होतं की, चित्रपटाची मुदत संपली तरी मूळ नाटकाची संपली नसेल, तर परवानगीवाचून त्या चित्रपटाच्या प्रती भाड्याने देता येणार नाहीत. १९९० मध्ये ‘रिअर विंडो’ या कथेवरच्या चित्रपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयानेही मूळ कथेच्या हक्कदाराचीच बाजू उचलून धरली. हाच न्याय इथे लावला तर घटस्फोटाचं, म्हणजे चित्रपटाने स्वतः भर घातलेलं कथानक १९६८ पासून मोकळं; मूळ नाटकातून आलेली पत्रकारांची खोली आणि फाशीचा कैदी मात्र नाटकाच्या हक्कात अडकलेले. पण नवराबायको भांडतात ती त्याच खोलीत. कात्री लावायची कुठे?

स्वस्त प्रतींनी हा चित्रपट जगवला, असं नेहमी म्हटलं जातं. मला ते निम्मंच पटतं. यातली माणसं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात. ऐन मुद्दा बुडू नये म्हणून वाक्यांच्या दोन्ही टोकांना गेले तरी चालतील असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. प्रतीवरून प्रत काढत गेलं की खरखर वाढते आणि मधला मुद्दाही ऐकू येईनासा होतो. संथ बोलपटाला हे सोसतं, याला नाही. अनेकांच्या घरी हा चित्रपट होता, पण तो धड ऐकलेले थोडेच.

जानेवारी २०१७ मध्ये डिजिटल दुरुस्तीनंतरची ब्लू-रे आली. सोबत १९३१ चा ‘द फ्रंट पेज’ही होता. १९३१ च्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला पसंत असलेली त्याची आवृत्ती थोडंच आधी सापडली होती, तीच इथे वापरली. दोन्ही चित्रपट एकाच संचात आल्यामुळे बातमीदार बाई झाल्यावर नेमकं काय बदललं, हे घरबसल्या पडताळता आलं.

नंतरच्या कायद्यांनी वाढवलेली नाटकाची एकूण ९५ वर्षांची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत नाटकही मोकळं आहे.