जुने गोवे: सेंट ऑगस्टीनचा मनोरा पाहायला येताना
(आमच्या फेरीतील प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

जुन्या गोव्याला येणारी प्रत्येक गाडी बाँ जेझुस आणि से कॅथेड्रल या चर्चपाशी थांबते. आम्हीही थांबतो. पण त्याआधी आपली गाडी मोंते सांतो टेकडीवर चढते आणि सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चपाशी आपण दीड तास देतो. ‘पडक्या भिंतींना दीड तास कशाला?’ असे नोंदणीच्या वेळी बरेच जण विचारतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी वाचलेत तर फार बरे.

शाबूत चर्चमध्ये शिरले की नजर थेट सोनेरी वेदीकडे जाते. भिंत किती जाड आहे, कमानीचा भार कुठे उतरतो, हे कोणी पाहत नाही आणि दिसतही नाही. इथे छप्पर कोसळले, गिलावा झडला आणि इमारतीची सगळी बांधणी उघडी पडली. चर्च कसे उभे राहत असे हे समजून घ्यायला गोव्यात याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. ‘नोस्सा सेन्योरा द ग्रासा’ हे त्यांचे चर्च, म्हणजेच आपले हे सेंट ऑगस्टीनचे चर्च, १६०२ मध्ये पुरे झाले. आत आठ चॅपेल (छोटी प्रार्थनागृहे), चार वेद्या आणि बाजूला साधूंच्या खोल्यांचा मोठा मठ होता. घंटेचा मनोरा ४६ मीटर उंच, सगळा चिऱ्याचा. आज त्याचा एक भागच उभा आहे, तरी खाली उभे राहून वर पाहिले की मान दुखते.

चिऱ्याबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण या चर्चची कहाणी चिऱ्याचीही आहे. खाणीतून काढताना हा जांभा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून कोकणात घर, गडगा, विहीर सगळे त्यातच बांधतात. पण त्याला छिद्रे फार. तो पाणी पितो. गोव्याच्या पावसात उघडा चिरा झिजतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. गोव्यातली चर्च पांढरीशुभ्र दिसतात ती केवळ शोभेसाठी नव्हे. बाँ जेझुसचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला आणि तेव्हापासून ती इमारत लाल दिसते. फोटोत ते रूप सुंदर येते, पण आमच्या मते त्या भिंतींवरचे पांघरूण काढायला नको होते. ऑगस्टीनच्या भिंतींपाशी पोहोचलात की का ते कळेल.

चर्च पडले ते लढाईत नाही. साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले, सत्तेचे केंद्र पणजीकडे सरकले आणि १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांना गोव्यातून बाहेर काढले. मठ रिकामा झाला. गळती बुजवणारे, चुना लावणारे कोणी उरले नाही. १८४२ मध्ये छताची कमान खाली आली आणि संत ऑगस्टीनची भव्य मूर्ती तिच्याखाली गाडली गेली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा कोसळला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. देखभाल थांबल्यापासून छत पडेपर्यंत अवघी सात वर्षे गेली.

घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चवर आहे. संध्याकाळी आपण पणजीत त्या जिन्यांपाशी थांबू, तेव्हा वर जरूर पाहा.

आता राणीची गोष्ट. केतेवान ही जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. मुलाच्या राज्यावरचे संकट टळावे म्हणून ती इराणच्या शाह अब्बासकडे गेली आणि शिराझमध्ये वर्षानुवर्षे कैदेत राहिली. धर्म बदलायला तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा छळ करून तिला ठार मारण्यात आले. शिराझमधल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये इथल्या मठात आणला. जॉर्जियाच्या चर्चने तिला संत मानले, पण छप्पर पडल्यावर अस्थी नेमक्या कुठे आहेत ते कोणालाच सांगता येईना. मठाच्या सभागृह-चॅपेलमधल्या एका खिडकीपाशी पेटीत त्या ठेवल्या होत्या, एवढी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. तेवढ्या आधारावर कित्येक वर्षे शोध चालला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला २००४ मध्ये उत्खननात हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्याची डीएनए तपासणी केली. त्यात आढळलेला मातृवंश भारतात सापडत नाही, जॉर्जियात सापडतो. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. आमचे मार्गदर्शक मठाच्या बाजूला नेऊन ही गोष्ट सांगतात. ती ऐकताना घाई करू नका, ही आमची विनंती.

फिरताना पायांखाली लक्ष असू द्या. फरशीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. त्यांना वळसा घालून चाला. चॅपेलच्या भिंतींवर कुठे कुठे निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशांचे तुकडे शिल्लक आहेत, त्यांना बोट लावू नका. भिंतींवर चढणे तर मुळीच नको. चिरा वरून घट्ट दिसला तरी आतून भुसभुशीत झालेला असतो.

सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी बरोबर घ्या. सकाळचे ऊन तिरके असते, तेव्हा चिऱ्याचा पोत उत्तम दिसतो, म्हणून आपण दिवसाची सुरुवात इथूनच करतो आणि बाँ जेझुस नंतर पाहतो. पावसाळ्यात शेवाळ असते, पकड असलेली पादत्राणे घाला. ज्येष्ठांनी काळजी करू नये, गाडी अवशेषांच्या अगदी जवळ जाते. नंतर वापरात असलेल्या चर्चमध्येही जायचे आहे, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत.

समोरच सांता मोनिकाचा जुना मठ आहे, तिथल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयाला वेगळे तिकीट पडते. त्याच टेकडीवरचे छोटे रोझरी चर्च आम्हाला विशेष प्रिय. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आफोंसु द आल्बुकर्कने १५१० ची लढाई याच जागेवरून पाहिली असे सांगतात. शहरातल्या सगळ्यांत जुन्या चर्चपैकी हे एक. त्याच्या अंगणातून मांडवी दिसते.

मराठी मंडळी इथे एक प्रश्न हमखास विचारतात: संभाजी महाराज कुठवर आले होते? नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले आणि शहरात हलकल्लोळ उडाला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीवर नेऊन ठेवला, अशी कथा आहे. ती शवपेटी आपण त्याच दिवशी बाँ जेझुसमध्ये पाहणार आहोत. जुव्याची दिशा मार्गदर्शक दाखवतील.

घरात कोणाला इतिहासाची किंवा बांधकामाची विशेष आवड असेल तर नोंदणी करतानाच सांगा. दीड तासाचे दोन तास करता येतात, त्या दिवशी दुपारचे जेवण अर्धा तास पुढे ढकलू.