पोएम शस्त्रक्रिया

तोंडावाटे एंडोस्कोप (कॅमेरा असलेली लवचीक नळी) घालून अन्ननलिकेचा स्नायू आतून कापण्याची शस्त्रक्रिया. पोटावर किंवा छातीवर एकही छेद घेत नाहीत. ती मुख्यतः अकॅलेशियासाठी करतात. या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप घास आला तरी सैल पडत नाही. अन्न वर तुंबते, आडवे झाल्यावर उलटून घशाशी येते आणि वजन उतरत जाते.

तोंडासारख्या नैसर्गिक मार्गाने पोटात शिरण्याची कल्पना पोएमच्या आधीची. पोटविकारतज्ज्ञ अँथनी कल्लू यांच्या गटाने २००४ साली डुकरांवर, जठराला भोक पाडून उदरपोकळीत जाऊन दाखवले. हैदराबादेत डी. नागेश्वर रेड्डी व जी. व्ही. राव यांनी याच वाटेने रुग्णाचे अपेंडिक्स काढले. अडचण एकच होती: पाडलेले भोक खात्रीने बंद कसे करायचे? त्यावर तोडगा निघाला तो अस्तराखालून बोगदा काढण्याचा. हारुहिरो इनोउए यांनी जपानमध्ये २००८ साली पहिली पोएम केली.

आधी एक-दोन दिवस रुग्णाला फक्त पातळ पदार्थ देतात, कारण तुंबलेले अन्न भूल देताना श्वासनलिकेत जाऊ शकते. पूर्ण भूल दिल्यावर, झडपेच्या सुमारे १० ते १५ सेंमी वर आतल्या अस्तराखाली निळा रंग मिसळलेले सलाइन टोचतात. अस्तर फुगते, तिथे सुमारे २ सेंमीचा उभा छेद घेतात. त्यातून अस्तर आणि स्नायू यांच्यामधला थर सोडवत बोगदा जठरात २-३ सेंमीपर्यंत नेतात. झडपेपाशी जागा अगदी अरुंद असते. पलीकडे ती एकदम मोकळी होते. खात्रीसाठी स्कोप जठरात नेऊन मागे वळवून पाहतात: निळसर फुगवटा दिसला, तर बोगदा पुरेसा खाली गेला आहे.

स्नायू कापायला सुरुवात छेदाच्या २-३ सेंमी खाली करतात. सगळी मेख इथे आहे. छेद आणि कापलेला स्नायू समोरासमोर येत नाहीत, मधे शाबूत अस्तर राहते. त्यामुळे वरच्या छेदाला क्लिपा लावल्या की काम भागते. अकॅलेशियाच्या तिसऱ्या प्रकारात अन्ननलिकेच्या स्नायूचे आकुंचन वरपर्यंत येते, म्हणून स्नायूही अधिक लांब कापावा लागतो. पोटावरून दुर्बिणीने हे तितके साधत नाही.

आतली जागा फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच वापरतात, कारण तो लवकर शोषला जातो. तरीही तो उदरपोकळीत झिरपतो; पोट ताणून कडक झाले तर सुई घालून वायू सोडतात. अस्तर फाटण्याचा धोका झडपेपाशी सर्वाधिक. आधी फुगा घालून झडप ताणली असेल किंवा तिथे बोटॉक्स (स्नायू सैल करणारे औषध) टोचले असेल, तर थर चिकटलेले असू शकतात.

खरी उणीव आम्लाची. हाच स्नायू पोटावरून कापण्याच्या हेलर शस्त्रक्रियेत जठराची घडी घालून आम्ल अडवतात. पोएममध्ये ती सहसा नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तुलनेत दोन वर्षांनी गुण साधारण सारखाच आला: पोएमने ८३ आणि हेलरने ८१.७ टक्के रुग्णांना. मात्र आम्लाने अन्ननलिकेचा दाह पोएमनंतर ४४, तर हेलरनंतर २९ टक्के रुग्णांत दिसला. अनेकांना जळजळ जाणवतही नाही, म्हणून तक्रार नसली तरी पुन्हा एंडोस्कोपी करतात.