रेणू डावा की उजवा? इलेक्ट्रॉनला विचारा

डाव्या आट्यांचा स्क्रू उजव्या आट्यांच्या नटात कितीही पिळा, बसत नाही. काही रेणूंची गत अशीच. अणू तेच, बंध तेच, पण एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. यांना कायरल रेणू म्हणतात. वजन सारखं, उत्कलनबिंदू सारखा. मग ओळखायचे कसे? लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चक्क चिमट्याने वेचले. पण सगळेच पदार्थ असे नजरेला सापडत नाहीत.

एरवी मदतीला येतो पिळाचा, म्हणजे वर्तुळ-ध्रुवित प्रकाश; त्याचं विद्युतक्षेत्र पुढे जाता जाता स्क्रूच्या आट्यांसारखं गोल फिरतं, डावीकडे किंवा उजवीकडे. रेणू डावा असेल तर दोन पिळांपैकी एक तो किंचित जास्त शोषतो, उजवा असेल तर दुसरा. हाच सर्क्युलर डायक्रोइझम. किंचित म्हणजे बहुधा हजारात एखादा भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. प्रकाशाचा एक पीळ पुरा व्हायला काहीशे नॅनोमीटर लागतात आणि रेणू जेमतेम एका नॅनोमीटरचा. त्याला पीळ जाणवणार तरी कितीसा?

यावर उपाय म्हणजे पिळाचाच, पण एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे अतिनीलातला सर्वात टोकाचा प्रकाश. त्याची तरंगलांबी साधारण १० ते १०० नॅनोमीटर. तो रेणूतून इलेक्ट्रॉनच उडवतो. मग किती प्रकाश शोषला हे मोजत बसायचं नाही, इलेक्ट्रॉन कुठे गेला ते पाहायचं. बाहेर पडताना तो रेणूच्या वाकड्यातिकड्या विद्युतक्षेत्रातून वाट काढतो. त्यामुळे रेणू डावा की उजवा यानुसार इलेक्ट्रॉन किरणाच्या दिशेने किंवा उलट दिशेने जास्त संख्येने निघतात. फिरवलेला नट पुढे किंवा मागे सरकावा तसा. बर्क रिची यांनी १९७६ मध्ये हे भाकीत केलं. २००१ मध्ये ब्रोमोकॅम्फर या कापराच्या भावंडावर ते मोजलं गेलं. रेणू वायूत कसेही गडगडत असले तरी फरक पुसला जात नाही आणि तो काही टक्क्यांत भरतो! इलेक्ट्रॉन आदळणाऱ्या पडद्याची एक बाजू जास्त उजळते; प्रकाशाचा पीळ उलटवला की दुसरी. डावे-उजवे निम्मे-निम्मे मिसळले तर दोन्ही बाजू सारख्याच.

अडचण प्रकाशाची. हा प्रकाश हवाही गिळते आणि काचही, म्हणून सगळं निर्वातात. बरीच वर्षं त्यासाठी सिंक्रोट्रॉनसारखं, इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवून प्रकाश काढणारं अवाढव्य यंत्रच लागे. लेसरने वायूतला इलेक्ट्रॉन उपटून परत आदळवला की असा प्रकाश टेबलावरही मिळतो, पण लेसरच पिळाचा असेल तर इलेक्ट्रॉन बाजूला भरकटतो, परततच नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने अर्धवट पिळाचा, लंबवर्तुळी लेसर सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत सोडला आणि भरपूर पिळाचा प्रकाश मिळवून फेन्कोन या कायरल रेणूवर वापरून दाखवला. त्याचे स्पंद फेम्टोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या दशलक्षांशात मोजावे लागतील इतके छोटे. त्यामुळे बंध तुटत असताना रेणूचं डावं-उजवेपण नेमकं कोणत्या क्षणी हरपतं, हेही आता टिपता येऊ शकतं.