राखली तर हद्द

मार्च उजाडला की आमच्या इमारतीखाली एक दयाळ पक्षी गाड्यांच्या आरशांशी भांडू लागतो. स्कूटरच्या हँडलवर बसायचं, आरशात डोकवायचं, शेपटी ताठ उभारायची आणि काचेवर चोच मारत सुटायचं. दमला की समोरच्या शेवग्याच्या शेंड्यावर जाऊन तो गळा मोकळा करून गातो आणि पुन्हा आरशाकडे येतो. त्याला आरसा कळत नाही, दिसतो तो दुसरा नर. विणीच्या दिवसांत, आपण राखलेल्या जागेत दुसरा नर त्याला क्षणभरही सहन होत नाही. (उपाय सोपा आहे. गाडी लावली की आरशावर फडकं बांधावं. त्या पाखराची फुकटची दमछाक तरी वाचते.)

इंग्रजीत अशा पक्ष्याला 'टेरिटोरियल' म्हणतात. या शब्दाच्या मराठी रूपाने मला बरीच वर्षं छळलं आहे. कोश उघडला की पहिला प्रतिशब्द मिळतो 'प्रादेशिक'. सैन्याच्या बाबतीत तो चालतो, टेरिटोरियल आर्मीला आपण प्रादेशिक सेना म्हणतोच. वनखात्यातही तो रुळला आहे. वन्यजीव विभाग वेगळा आणि प्रादेशिक वनविभाग वेगळा, म्हणून बातमीत 'प्रादेशिक जंगलातला वाघ' असं वाचलं तर तो अभयारण्याबाहेरच्या जंगलातला वाघ समजायचा. पण 'दयाळ हा प्रादेशिक पक्षी आहे' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटणार की हा एखाद्या ठरावीक प्रांतात सापडणारा पक्षी. मूळ शब्दातली राखण त्या वाक्यातून पार निघून गेली.

मुळात हा शब्द लॅटिन. 'तेर्रा' म्हणजे जमीन, त्यावरून 'तेरितोरिउम'. दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित पोम्पोनियस या शब्दाची आणखी एक व्युत्पत्ती नोंदवतो. काहींच्या मते तो 'तेर्रेरे', म्हणजे धाक घालणे, या धातूवरून आला, कारण तिथल्या अधिकाऱ्यांना त्या सीमेच्या आत लोकांना धाक घालून हटवण्याचा हक्क असतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकत नाही, तरी अर्थ तिने अचूक पकडला आहे, असं मला वाटतं. ज्या जमिनीवरून दुसऱ्याला हटवता येतं, ती टेरिटरी.

हाच अर्थ वागवणारा शब्द मराठीत आहे आणि तो रोज वापरात आहे: हद्द. अरबीतून फारसीमार्गे आला आणि पक्का मराठी झाला. आपल्याकडे शीवही आहे, पण शीव ही रेघ. मुंबईतल्या ज्या ठिकाणाला इंग्रजांनी सायन केलं, ते शीव म्हणजे मुंबई बेटाची कड. हद्द मात्र रेघही असते आणि रेघेच्या आतली जागाही. पोलीस ठाण्याची हद्द असते, देशाची सागरी हद्द असते (भारताची किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर), आणि माणसाला हद्दपार करता येतं. या सगळ्या वापरांत कुणीतरी राखणारा आहे आणि कुणाला तरी मज्जाव आहे.

जीवशास्त्रात ही कल्पना पक्ष्यांच्या अंगाने आली. जर्मन पक्षीतज्ज्ञ बर्नार्ड आल्टुम यांनी १८६८ मध्येच ती मांडली होती, पण इंग्रजी वाचकांपर्यंत ती नीट पोचवली एलियट हॉवर्ड या इंग्रज गृहस्थांनी. ते पोलादाच्या धंद्यातले, पक्षी पाहणं हा त्यांचा छंद. १९२० साली त्यांनी पक्ष्यांच्या हद्दींवर पुस्तक लिहिलं. तोवर दोन नर झुंजले की ते मादीसाठीच, असा सर्वसाधारण समज होता. हॉवर्ड यांनी दाखवलं की मादी यायच्याही आधी नर जागेसाठी भांडत असतात.

मग १९३९ मध्ये नोबल या अमेरिकी शास्त्रज्ञाने टेरिटरीची व्याख्या केली: राखलेली कोणतीही जागा. बस, एवढंच. चार वर्षांनी प्राणीशास्त्रज्ञ विल्यम बर्ट यांनी सस्तन प्राण्यांबद्दल लिहिताना त्यात मोलाची भर घातली. प्राणी अन्नासाठी, जोडीदारासाठी, पिलांसाठी जिथे नेहमी हिंडतो ते सगळं त्याचं 'होम रेंज', आणि त्यातला जेवढा भाग तो इतरांपासून राखतो तेवढीच टेरिटरी. मराठीत मी पहिल्याला 'वावर' म्हणतो आणि दुसऱ्याला 'हद्द'. (विदर्भात वावर म्हणजे शेत, हे मला ठाऊक आहे. तिकडच्या वाचकांनी इथे वावरणं आठवावं.) तिसरा शब्द अधिवास. तो त्या जातीला मानवणाऱ्या परिसराचा, म्हणजे गवताळ माळ, पानगळीचं जंगल, खाडी. अधिवास जातीचा असतो, वावर एकेका जनावराचा, आणि हद्द असेलच असं नाही. शंभर हत्तींचे वावर एकमेकांवर पसरलेले असू शकतात आणि त्यात हद्द कुणाचीच नसते.

असेलच असं का नाही? कारण राखणं महाग पडतं. याचा हिशेब फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये केनियातल्या सोनपंखी शिंजिरांवर मांडला. हे पक्षी लिओनोटिसच्या फुलांतला मध पितात. आपल्याकडे पडीक जमिनीवर नारिंगी झुबक्यांची दीपमाळ वाढते, तिच्या गोतातली ही झाडं. शिंजिराला मध पिण्यात जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे तिप्पट ऊर्जा घुसखोराला हाकलण्यात जाते, आणि नुसतं बसून राहण्याच्या सातपटीहून अधिक. मग हाकलायचंच कशाला? कारण राखलेल्या फुलांत मध साठतो. कुणीही येऊन पिऊन जाणाऱ्या फुलात दोन मायक्रोलिटर मध असेल आणि राखलेल्या फुलात तीन, तर दिवसाचं पोट भरायला लागणारे चार तास पावणेतीन तासांवर येतात. उरलेला वेळ बसून काढता येतो. पहाऱ्यात जातो दिवसाकाठी पाव तासाहून थोडा जास्त वेळ. म्हणजे फायदा होतो, पण जेमतेम. आता फुलांत मध सगळीकडेच भरपूर असला, तर राखून फार काही वाचत नाही. अगदीच कमी असला, तर राखण्याचा खर्च भरून निघत नाही. अशा वेळी हद्द सोडून दिलेली बरी. जीवशास्त्रज्ञ जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये हेच तत्त्व मांडलं होतं. शेतकऱ्याला ते वेगळं सांगायला नको: माळ्यावर बसून गोफण फिरवायची ती ज्वारी भरात आल्यावर, पेरल्या दिवसापासून नव्हे.

आणि राखण म्हणजे दर वेळी मारामारीच असं नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायटम वूड्समध्ये जॉन क्रेब्ज या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक देखणा प्रयोग केला. ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याचे नर त्यांनी आपापल्या हद्दींतून उचलले. काही हद्दींत लाउडस्पीकर लावून त्याच जातीचं गाणं वाजवलं, काहींत साध्या पत्र्याच्या शिट्टीचे सूर वाजवले, काही मुक्या ठेवल्या. मुक्या आणि शिट्टीच्या जागा नव्या नरांनी लवकर बळकावल्या. गाणं वाजत होतं त्या जागा मात्र बराच वेळ रिकाम्या राहिल्या. मालक नव्हता, फक्त त्याचा आवाज होता, आणि तेवढ्यावर जागा राखली गेली. माझ्या शेवग्यावरचा दयाळ पहाटे गातो ते ऐकायला गोडच आहे. शेजारच्या दयाळाला त्यातून कळतं ते इतकंच की इथे कुणीतरी आहे.

वाघ हेच काम वासाने करतो. ताडोबाला गेलेल्यांनी गाइडच्या तोंडून 'मार्किंग' हा शब्द ऐकला असेल. शेपटी वर करून वाघ झाडाच्या बुंध्यावर मागे फवारा मारतो. त्यात मूत्रासोबत स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे वास टिकून राहतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी या फवाऱ्यात '२-असिटिल-१-पायरोलिन' हे रसायन शोधून काढलं. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला सुगंध देणारं रसायन तेच. जंगलात मध्येच भात शिजल्याचा वास आला असं लोक सांगतात, ते खोटं नाही.

वाघाची हद्द केवढी, या प्रश्नाला मात्र एकच एक आकडा नाही. नेपाळच्या चितवनमध्ये, जिथे हरणं भरपूर, वाघिणीला सुमारे २० चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ जंगलात तिला सुमारे ४०० लागतात.

तरुण नराला हद्द शोधावी लागते. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, माग काढण्यासाठी रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून, शेतांतून, रस्ते ओलांडत सुमारे ३,००० किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. बातम्यांनी लिहिलं की त्याला अखेर स्वतःची हद्द मिळाली. पण ज्ञानगंगेत तेव्हा दुसरा वाघच नव्हता. नोबल यांची व्याख्या कडक लावली तर राखायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तो त्याचा वावर होता, हद्द नव्हे. मला हा फरक शब्दच्छल वाटत नाही. तिथे पुढे वाघीण आणायची की नाही, या चर्चेत विचारायचा प्रश्नच हा आहे की त्या वाघाला त्या जंगलात कमी काय होतं.

बिबट्यांच्या बाबतीत तर हा गोंधळ माणसांच्या जिवावर आला. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात उसाच्या शेतांतून पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हेतू चांगला होता: जनावराला 'त्याच्या अधिवासात' परत नेणं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी त्या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, बिबटे सोडण्याच्या काळात ते सरासरी सतरावर गेले. जंगल बिबट्या या जातीचा अधिवास होतं, हे खरंच. पण त्या एका बिबट्याचा वावर मागे उसात राहिला होता. तिथल्या वाटा, पाणवठे, आडोसे त्याला ठाऊक होते. नव्या जागी त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं, आणि तिथे आधीपासून दुसऱ्या बिबट्यांचे वास झाडांवर होते.