मन राखणे आणि मन कठीण करणे

अंतःकरणाला सर्वांपेक्षा अधिक जपावे, कारण जीवनाचा उगम तेथेच आहे, हे नीतिसूत्रे 4:23 चे वचन सोलापुरातील ख्रिस्ती घरांत अनेकांना तोंडपाठ आहे. अडचण अशी की याच वचनाचा आधार घेऊन माणसे कधीकधी नेमकी उलट वागतात. कोणी चूक दाखवली की बोलणे तोडायचे, उपासनेला येऊन शेवटच्या बाकावरून परस्पर निघून जायचे, आणि विचारलेच तर ‘मी माझे मन जपतो’ म्हणायचे. स्तोत्र 95 आणि इब्री लोकांस पत्र 3 यांत अशा वागण्याला वेगळे नाव आहे: मन कठीण करणे. दोन्हींत माणूस कमी बोलतो, अंतर ठेवतो आणि सगळे सांगत नाही, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

मंडळीच्या पंचकमिटीची बैठक डोळ्यांसमोर आणावी. पावतीपुस्तकातील एक रक्कम बँकेतील भरण्याशी जुळत नाही, एवढेच कोणीतरी विचारते. खजिनदार रजिस्टर मिटतात आणि म्हणतात, “इतकी वर्षं फुकट सेवा केली, त्याचं हे फळ होय? विचारा की, सगळ्यांनाच विचारा! नाताळच्या जेवणाचा हिशोब कुणी दिला होता?” प्रश्न एका पावतीचा होता, पण उत्तर स्वतःच्या अब्रूचे आले. ज्याला मन राखता येते तो याच ठिकाणी म्हणेल, “पावती दाखवा, मी बघून सांगतो, पण माझ्या घरच्यांवर घसरू नका.” येथेही मर्यादा घातलेली आहेच, मात्र ती प्रश्नाला अडवत नाही. जो आरोप खरा असू शकेल तो आत येऊ देणे आणि जो निव्वळ अपमान आहे तो बाहेर ठेवणे, ही निवड ज्याला करता येते त्याचे मन राखलेले असते. कठीण मनाला अशी निवड करताच येत नाही, कारण ते सर्वांनाच सारखे अडवते.

शास्त्रात दोन राजांच्या गोष्टींतून हे फार स्पष्ट दिसते. शत्रूची सारी जनावरेही मारून टाकण्याची देवाची आज्ञा मोडल्याबद्दल शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा शौल राजा आधी म्हणाला की आपण आज्ञा पाळली. मग म्हणाला की मेंढरे लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. आणि अखेर पाप कबूल केले, तरी वडीलजनांसमोर माझा मान राख, अशी विनंती त्याला जोडलीच. दावीद राजाचा अपराध कितीतरी भयंकर होता, त्याने आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली आणि त्यापायी उरीयाचा जीव गेला होता. पण नाथान संदेष्ट्याने बोट दाखवल्यावर त्याने सबब सांगितली नाही, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, एवढेच तो म्हणाला. क्षमा मिळाली म्हणून परिणाम टळले नाहीत, ही गोष्ट मात्र प्रवचनांत बऱ्याचदा घाईने उरकली जाते.

मन राखण्याचा नमुना प्रभू येशूमध्ये दिसतो. योहान 2 मध्ये लिहिले आहे की पुष्कळांनी विश्वास ठेवला तरी त्याने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, कारण मनुष्याच्या अंतरात काय आहे हे तो ओळखून होता. पुढे 18 व्या अध्यायात शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने उलट शिवी दिली नाही आणि मुकाट्याने मानही खाली घातली नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर का मारतोस, असे त्याने विचारले.

हे माणसाला जमावे कसे, याचे ख्रिस्ती उत्तर स्वभावापेक्षा निकालाशी अधिक संबंधित आहे. रोमकरांस पत्र 8:33 सांगते की नीतिमान ठरवणारा देव आहे. ज्याचा निवाडा ख्रिस्तामुळे आधीच झाला आहे त्याला प्रत्येक बैठकीत, प्रत्येक जेवणाच्या पानावर आपला खटला नव्याने लढवावा लागत नाही. तरीही रविवारी आपण सारे मिळून पापांगीकार अगदी अस्खलित म्हणतो, आणि सोमवारी सुनेने किंवा मुलाने एकच विशिष्ट चूक दाखवली की आपला वकील उभा राहतो. माझ्या मते विश्वासाची कसोटी या सोमवारी लागते.

सोलापुरातील भुईकोटाची दुहेरी तटबंदी आणि खंदक पाहिला की नीतिसूत्रे 18:19 आठवते, जेथे दुखावलेल्या भावाचे मन वळवणे तटबंदीचे शहर जिंकण्याहून कठीण म्हटले आहे. कायम बंद दरवाजाच्या किल्ल्यात शत्रू शिरत नाही, पण रसदही येत नाही.

घातलेली प्रत्येक मर्यादा म्हणजे कठोरपणा नव्हे, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यावरून समजते. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या काही काळ आपल्या याच जिल्ह्यातील पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही दिवस वेगळे पाळले. ते सोडले तेव्हा स्वतःच्या विचाराने सोडले आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांना घाई करून मन ‘मऊ’ करायला लावले असते, तर ते आज्ञापालन झाले असते, विश्वास नव्हे.

म्हणूनच मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला, क्षमा कर आणि मन मोकळे ठेव, असे सांगून त्याच घरात परत धाडणे ही शास्त्राची विटंबना आहे. तिने दार लावून घेणे, पोलिसांकडे जाणे, हे मन राखणेच होय. प्रेषित पौल दिमिष्कातून (दमास्कसमधून) पाटीत बसून तटावरून निसटला, फटक्यांआधी त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. आणि त्याच्यावर संशय घेणाऱ्या करिंथ शहरातील मंडळीला, आमचे अंतःकरण तुमच्यासाठी विशाल झाले आहे, तुम्हीही तसेच विशाल व्हा, असे लिहिणारा माणूसही तोच.